मोलकरणींना वाचा कोणी दिली?

कॅथरिन स्टॉकेट यांची ‘द हेल्प’ ही इंग्रजी कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचे जॅक्सन शहर आणि १९६२ च्या सुमाराचा काळ ही तिची पार्श्वभूमी. गोऱ्यांची मुले ज्या कृष्णवर्णीय बायांच्या कडेवर वाढतात, त्याच बायांना घरातील शौचालय वर्ज्य ठरते. हा विरोधाभास लेखिकेने प्रत्ययकारी रीतीने चितारला आहे. एक गोरी तरुणी या मोलकरणींच्या हकिगती गुप्तपणे लिहून घेते व पुस्तकरूपाने प्रसिद्ध करते, असे कथासूत्र आहे.

कादंबरी मनाला भिडते, यात शंका नाही. तथापि या स्त्रिया मुक्या होत्या आणि त्यांना वाचा दुसऱ्याने दिली, असा वाचकाचा ग्रह होण्याचा संभव आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतर सोळाच वर्षांनी, १८८१ च्या जुलै महिन्यात, अटलांटा शहरात कपडे धुणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी संप पुकारला. प्रारंभी त्या सुमारे २० होत्या. तीन आठवड्यांत ही संख्या ३,००० च्या घरात गेली. बारा पौंड कपड्यांना एक डॉलर, ही त्यांची मागणी. नगरपालिकेने २५ डॉलर परवाना शुल्काचा बडगा उगारताच त्यांनी महापौरांना पत्र धाडले. शुल्क भरण्याची आमची तयारी आहे, परंतु शहरातील धुलाईचे काम आमच्याच हाती राहील, असा त्याचा आशय होता.

कायद्याने मात्र त्यांना दीर्घकाळ उपेक्षिले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आणि १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून घरकामगार वगळले गेले. किमान वेतनाचे संरक्षण त्यांना १९७४ मध्ये लाभले.

दरम्यान त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९५५ च्या डिसेंबरात सुरू झालेला माँटगोमेरीचा बसबहिष्कार ३८१ दिवस टिकला, तो कामावर पायी जाणाऱ्या अशा असंख्य स्त्रियांच्या बळावर. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकिणीने खाद्यपदार्थ विकून त्या लढ्यास पैसा पुरविला. पुढे १९६८ मध्ये डोरोथी बोल्डेन या मोलकरणीने अटलांटा येथेच घरकामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

कादंबरी अवश्य वाचावी. तिच्यातील वेदना खरी आहे. परंतु त्या वेदनेला शब्द देण्याचे श्रेय प्रथम १८८१ च्या त्या पत्रलेखिकांना द्यावे लागेल. त्या बोलत होत्याच. ऐकणाऱ्यांनी कान बंद केले होते.