आजोबांची रायफल : वारसा, परवाना आणि इतिहाससाधन

ताम्रपट, सनदा आणि पत्रव्यवहार यांना इतिहाससाधन म्हणून जी प्रतिष्ठा लाभते, ती घरातील कपाटात कुलुपबंद असलेल्या शिकारी रायफलीस सहसा लाभत नाही. वस्तुतः मागणीनुसार घडविलेली आणि आजोबांकडून नातवाकडे आलेली रायफल हा वसाहतकालीन व स्वातंत्र्योत्तर भारताच्या इतिहासाचा एक बोलका पुरावा होय.

लंडन येथील हॉलंड अँड हॉलंड व पर्डी, तसेच बर्मिंगहॅम येथील वेस्टली रिचर्ड्स या पेढ्या भारतातील संस्थानिक, सरकारी अधिकारी व धनिक यांच्यासाठी रायफली घडवीत असत. अशा रायफलीचा लाकडी दस्ता मालकाच्या हाताची लांबी, खांदा व मान यांच्या मापाने बेतला जाई. नळीवर अनुक्रमांक कोरला जाई आणि पेढीच्या वहीत त्याची नोंद होई. त्यामुळे नातवाच्या हाती केवळ एक शस्त्र येत नाही. आजोबांच्या देहाचे मापच त्याच्या हाती येते. तो दस्ता आपल्या खांद्यास जुळावा म्हणून कापला, की पुराव्याचा एक भाग कायमचा नष्ट होतो.

नळीचा व्यासदेखील राजकारणाची साक्ष देतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने ०.४५० इंच व्यासाच्या काडतुसांची भारतातील आयात बंद केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांची गोळी याच व्यासाची असल्याने ही सामग्री बंडखोरांच्या उपयोगी पडेल, अशी भीती सरकारास वाटत होती. परिणामी कारागिरांनी ०.४६५, ०.४७० व ०.४७५ इंच व्यासाच्या नव्या रायफली प्रचारात आणल्या. शिकाऱ्याच्या आवडीचा वाटणारा हा आकडा वस्तुतः सत्तेच्या धास्तीतून निघालेला आहे.

ही धास्ती कायद्यात त्याहून आधीच प्रकट झाली होती. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक ठरविला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध आवाज उठला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मान्य करण्यात आला होता. तथापि १९४८ साली घटना परिषदेत ह. वि. कामत यांनी त्याचा मूलभूत हक्कांत समावेश सुचविला असता डॉ. आंबेडकरांनी त्यास विरोध केला आणि ती सूचना फेटाळली गेली. परकीय सत्तेखाली जो निर्बंध अपमानास्पद वाटला, तोच स्वराज्यात सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक मानला गेला. निर्बंध टिकला, त्याचे समर्थन मात्र बदलले.

१९६२ साली अमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने वारसाचे स्वरूपच दुहेरी केले. रायफल ही चल संपत्ती म्हणून वारसाकडे येते. परवाना मात्र व्यक्तिगत असल्याने मालकाच्या मृत्यूबरोबर संपतो. नवा परवाना मिळेपर्यंत वारसास ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. विहित मुदतीत ती परत घेतली नाही वा विकली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांनी मालकास सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, अथवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, हयातीतच वारसाच्या नावे परवान्याची सोय ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने येणारी शस्त्रेही त्याच मर्यादेत धरली.

दरम्यान रायफलीचे मूळ प्रयोजनही लोपले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीस जवळजवळ वावच उरला नाही. वन्यजीवांची झालेली हानी पाहता हे निर्बंध अन्यायाचे म्हणता येणार नाहीत. परंतु शिकार थांबविणे ही एक गोष्ट आणि शिकारीच्या युगाचा पुरावा गमावणे ही दुसरी.

जिम कॉर्बेट यांच्या रायफलीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्यांना ०.२७५ इंची रिग्बी रायफल भेट दिली. कॉर्बेट अविवाहित होते. त्यांच्यामागे ती त्यांच्या प्रकाशनसंस्थेकडे गेली आणि २०१५ साली मूळ पेढीकडे परतली. दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर भेटीचे कारण कोरलेले असल्याने तिची कथा अबाधित राहिली. सामान्य घराण्यातील रायफलीस अशी पट्टी नसते. तिची कथा केवळ घरातील वृद्धांच्या आठवणीत असते.

म्हणूनच अशी रायफल ठाण्यात जमा होण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक, नळीचा व्यास, दस्त्याची मापे, जुने परवाने व त्यांवरील शेरे यांची नोंद होणे अगत्याचे आहे. वारसास शस्त्र मिळावे की नाही, हे शासनाने ठरवावे. परंतु त्या शस्त्राचा इतिहास जतन करण्यास कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही.