बशीत न वाढणारे जिवाणू

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांचे विद्यार्थी शाट्झ यांनी मातीतील जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयावरचे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. पण काही वर्षांतच त्याला दाद न देणारे क्षयजंतू रुग्णांत आढळले. पुढे माती कितीही तपासली तरी बहुधा जुनीच रसायने हाती येऊ लागली. असे का? मातीतील सुमारे ९९ टक्के जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत! मग किम लुईस यांच्या गटाने सूक्ष्म कप्प्यांत एकेक जिवाणू ठेवून ते कप्पे मातीतच पुरले. पातळ पडद्यांतून पोषकद्रव्ये झिरपली, जिवाणू वाढले. त्यांतूनच मिळालेले टिक्सोबॅक्टिन २०१५ मध्ये जाहीर झाले. उंदरांमध्ये त्याने मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंनाही मारले. रुग्णांपर्यंत मात्र ते अजून पोचायचे आहे.