जकातमाफी आणि काचेची रत्नं: बायझंटाईन साम्राज्य आतून कसं पोखरलं गेलं?

आजचा एपिसोड एका राज्याभिषेकापासून सुरू करूया.

साल १३४७, मे महिना. शहर कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. सम्राट जॉन सहावा याच्या डोक्यावर मुकुट चढतोय. लांबून बघाल तर सगळं झगमगतंय, पण जवळ जा. रत्नं काचेची आहेत. मेजवानीला सोन्याचांदीची ताटं नाहीत, कथलाची आणि मातीची भांडी आहेत. खरी रत्नं कुठे गेली? चार वर्षांपूर्वी, यादवी युद्धाच्या धामधुमीत, राजमाता ॲनानं ती ३०,००० सोन्याच्या नाण्यांसाठी व्हेनिसकडे गहाण टाकली. ती कधी सुटलीच नाहीत.

आता गंमत बघा. याच साम्राज्याचं सोन्याचं नाणं सुमारे ७०० वर्षं जवळपास अस्सल राहिलं होतं. मग ही वेळ आली कशी?

थोडं मागे जाऊ. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईननं या शहरात रोमन साम्राज्याची नवी राजधानी वसवली. पाचव्या शतकात पश्चिमेकडचा भाग कोसळला, पूर्वेकडचा टिकला. त्यालाच आपण बायझंटाईन म्हणतो. ते लोक मात्र स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवायचे. जस्टिनियननं ५३२ ते ५३७ या काळात हागिया सोफिया हे प्रचंड चर्च उभारलं. पुढे अरबांनी सीरिया आणि इजिप्त घेतलं, तरी साम्राज्य सावरलं. १०२५ मध्ये बेसिल दुसरा वारला तेव्हा खजिना भरलेला होता. कारण सोपं होतं. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जायची वाट या शहराच्या दारातून जायची, आणि मालावर १० टक्के जकात लागायची.

मग आलं १०७१. मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी सम्राटालाच कैद केलं आणि पुढच्या काही वर्षांत आजच्या तुर्कस्तानातला बराच मुलूख हातचा गेला. १०८१ मध्ये पश्चिमेकडून नॉर्मन चालून आले. सम्राट अलेक्सियसकडे पुरेसं आरमार नव्हतं, व्हेनिसकडे होतं. त्यानं मदत मागितली आणि १०८२ मध्ये त्याची किंमत मोजली: व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात पूर्ण माफ!

म्हणजे बघा, स्वतःच्याच बंदरात स्थानिक व्यापारी जकात भरणार आणि बाहेरचा फुकट धंदा करणार. लोकांच्या मनात राग साचत गेला. ११७१ मध्ये सम्राट मॅन्युएलनं एका दिवसात साम्राज्यातल्या व्हेनिसच्या लोकांना अटक करून त्यांचा माल जप्त केला. ११८२ मध्ये राजधानीत पाश्चात्त्य लोकांची कत्तल झाली. जेरुसलेमसाठी निघालेले चौथ्या धर्मयुद्धाचे सैनिक व्हेनिसच्या जहाजांतून आले ते थेट इथेच. १२०४ मध्ये ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांचं शहर लुटलं. तिथले ब्राँझचे चार घोडे आजही व्हेनिसमध्ये आहेत.

१२६१ मध्ये शहर परत मिळालं. पण धडा घेतला का? नाही. या वेळी तीच सवलत जेनोआला दिली. १२८५ मध्ये तर खर्च वाचवायला आरमारच मोडीत काढलं. चौदाव्या शतकाच्या मध्यावर समोरच्या काठावरची जेनोआवाल्यांची गालाटा वसाहत वर्षाला २,००,००० नाणी जकात कमवायची आणि राजधानीच्या वाट्याला यायची फक्त ३०,०००. काचेची रत्नं आली ती इथून.

शेवट तुम्हाला माहीत असेल. १४५३ मध्ये २१ वर्षांच्या सुलतान मेहमदनं ५३ दिवस वेढा दिला. त्याच्याकडे अजस्र तोफा होत्या, तर आत जेमतेम ७,००० लढवय्ये. त्यात जेनोआचा जुस्तिनियानी आणि त्याचे ७०० लोक जिवावर उदार होऊन लढले. गालाटा वसाहत मात्र तटस्थ राहिली. २९ मे रोजी शहर पडलं.

कारण एकच नव्हतं. यादवी होती, प्लेग होता, ऑटोमनांची ताकद होती. पण त्यांना तोंड द्यायला लागतो पैसा, आणि तो येण्याचं दार आधीच दुसऱ्याच्या हवाली केलं होतं.

ओळखीचं वाटतंय? १७१७ मध्ये मुघल बादशहा फर्रुखसियरनं वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी दिली. पुढचं आपण शाळेत शिकलोय. अलेक्सियस मूर्ख नव्हता. शत्रू दारात होता आणि त्यानं त्या वर्षाचं संकट टाळलं. फक्त ती सवलत परत कशी घ्यायची, हे पुढच्या कुठल्याच सम्राटाला जमलं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!