दिवाळे परिसरातील घरविक्री आणि हस्तांतरणावरील कर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

बेलापूरलगत खाडीच्या काठी वसलेले दिवाळे हे मासेमारी करणाऱ्या कोळी समाजाचे जुने गाव आहे. त्याच्या एका अंगाला खाडी, तर दुसऱ्या अंगाला सिडकोने वसविलेले बेलापूर नगर आहे. घर विकताना शासनास काय द्यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर एवढ्या थोड्या अंतरात बदलते. त्याची कारणे इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

मुद्रांकाची परंपरा

मराठी राज्यात वतनाच्या हस्तांतरास सरकारमान्यता लागे व त्यासाठी नजर द्यावी लागे. इंग्रजी अमलात ही मान्यता मुद्रांकित कागदात आली. मुंबई इलाख्यात 1827 च्या रेग्युलेशनने मुद्रांकाचे नियम घातले. पुढे 1860 व 1899 चे अखिल भारतीय कायदे आले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पूर्ण होणार नाही असे ठरविले. महाराष्ट्रात आज लागू असलेला कायदा 1958 चा असून 2012 मध्ये त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुद्रांक शुल्क विक्रीवर नसून दस्तावर असते. आणि वेगळा करार नसल्यास अभिहस्तांतरणाच्या दस्ताचे शुल्क खरेदीदाराने भरावयाचे असते. विक्रेत्याचा थेट भार म्हणजे भांडवली नफ्यावरील आयकर. तो 1947 मध्ये प्रथम आला, लवकरच रद्द झाला आणि 1957 पासून पुन्हा लागू झाला. 2002 च्या वित्त अधिनियमाने हे दोन प्रवाह जोडले. करारातील किंमत मुद्रांकासाठी ठरविलेल्या मूल्याहून कमी असेल, तर नफा त्या मूल्यावरून मोजण्याची तरतूद झाली. कागदावर किंमत कमी दाखविण्याच्या जुन्या प्रथेवर हा नेमका आघात होता.

सिडकोची भूमी

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि 95 गावांच्या परिसरात नवे शहर आखले गेले. संपादित जमीन सिडकोने विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे बेलापुरातील सदनिकाधारक घर विकतो तेव्हा त्याला भूस्वामी म्हणून सिडकोची अनुमती घ्यावी लागते व हस्तांतरण शुल्क भरावे लागते. हे शुल्क कर नव्हे, पट्ट्याच्या अटीतून आलेले देणे होय. घर विकणाऱ्या सामान्य माणसास मात्र हा भेद फारसा जाणवत नाही.

जानेवारी 1984 मधील जासई-दास्तान परिसराच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यानंतर 1990 च्या दशकात साडेबारा टक्के योजना प्रत्यक्षात आली. तिच्यातून सार्वजनिक सुविधांसाठी 3.75 टक्के वजा होऊन भूखंड हाती पडत. ते विकासकाकडे जाताना सिडको, मूळ धारक व विकासक यांचा त्रिपक्षीय करारनामा होई. म्हणजे स्वतःच्याच जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला तुकडा विकतानाही सिडकोची परवानगी आलीच. (जुलै 2024 पासून दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दरही साडेबारा टक्केच झाला, हा योगायोग प्रकल्पग्रस्तांच्या नजरेतून सुटणार नाही.)

गावठाण आणि 'गरजेपोटी' घरे

कुटुंबे वाढली तशी गावठाणाबाहेर, संपादित जमिनीवर घरे उभी राहिली. शासनभाषेत ती 'गरजेपोटी बांधलेली घरे' ठरली. अशा घराचा व्यवहार अनेकदा मुद्रांकपत्रावर, नोटरीसमोर उरकला जातो. खरेदीदारास वाटते, शुल्क वाचले. वस्तुतः अनोंदणीकृत कागदाने मालकी जात नाही आणि अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. मालमत्ता कराची पावती नियमित भरलेली असली तरी ती मालकीहक्काचा लेख नव्हे. करातून सुटलेले घर अशा रीतीने हक्कातूनही सुटते; बँकेचे कर्ज मिळत नाही, आणि विक्रेत्यास बाजारभावाहून कमी किमतीवर समाधान मानावे लागते.

25 फेब्रुवारी 2022 च्या शासननिर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून 250 मीटरपर्यंतची अशी बांधकामे नियमित करून जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग दाखविला. यातही रक्कम भरावी लागणार असून आपल्याच पूर्वजांच्या जमिनीचे भाडेकरू का व्हावे, हा प्रकल्पग्रस्तांचा आक्षेप रास्त आहे. परंतु पट्टा नोंदला गेल्यास दिवाळ्यासारख्या गावातील घराला प्रथमच असा दस्त मिळेल, ज्यावर पुढील विक्रीचे मुद्रांक शुल्क आकारता येईल.