तळटीप १२ : नंदनवनातल्या घरात आसरा

१२. येथे उल्लेखिलेले प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयातले. ही संस्था १९५७ साली स्थापन झाली. हे नाव तिला १९६८ साली मिळाले. त्या प्रशिक्षणातला आसऱ्याचा धडा असा : अणुस्फोटानंतर किरणोत्सारी धूळ छतावर, अंगणात साचते. म्हणून नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या बैठ्या घरात दारेखिडक्या लावून मधल्या खोलीत, उंच इमारतीत मधल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतींपासून लांब थांबायचे. सुमारे ६ सेंटिमीटर काँक्रीट गॅमा किरणांचा जोर निम्मा करते. स्फोटानंतर तासाभराने असलेला मारा ७ तासांनी साधारण दशांशावर, ४९ तासांनी शतांशावर येतो. पहिले दोन दिवस आत काढण्याचा आग्रह त्यासाठीच, आणि तो अगदी रास्त आहे. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच उतरवून अंग साबणाने धुवावे.