यंत्रवाद्य आणि रसिकांची दाद

गवई समेवर आला की रसिकांची मान डोलते आणि ती पाहून त्याला पुढली तान सुचते. वाद्य विजेचे असले तर ही देवघेव उरते का? जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ येथे १९७० साली निघालेल्या ‘क्राफ्टवेर्क’ मंडळींविषयी वाचताना मला हाच प्रश्न पडला. चौघे वादक यंत्रांपुढे निश्चल उभे राहत. एका गाण्याला तर त्यांच्यासारखेच पुतळे रंगमंचावर येत. परंतु १९८१ च्या दौऱ्यात (त्यात ही मंडळी मुंबईलाही वाजवून गेली) हेच अबोल वादक गणकयंत्राएवढे चिमुकले वाद्य घेऊन रंगमंचाच्या कडेला येत, खाली वाकत आणि पुढल्या श्रोत्यांना त्याची कळ दाबू देत. श्रोत्याच्या बोटाने सूर उमटे! वाचकहो, मान डोलवून द्यायची ती दादच त्याने बोटाने दिली, असे मी मानतो.