बहुघटक विसरणाचे संख्यात्मक सदृशीकरण

तीन किंवा अधिक घटकांच्या वायू अथवा द्रव मिश्रणात प्रत्येक घटकाचे प्रमाण स्थळकाळानुसार कसे बदलते, हे संगणकावर आकडेमोड करून काढण्याची पद्धती. ऊर्ध्वपातन, उत्प्रेरकी विक्रिया, ज्वलन व इंधन घट यांच्या अभ्यासात ती वापरतात.

सिद्धांत : आडोल्फ फिक यांचा नियम (१८५५) द्विघटक मिश्रणाला पुरतो, घटक जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो. तिसरा घटक आला की प्रत्येकाचा प्रवाह इतरांच्या संहतींच्या प्रवणतांवरही अवलंबून राहतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल व योझेफ श्टेफान (१८७१) यांच्या समीकरणांत घटकांच्या प्रत्येक जोडीतील घर्षण स्वतंत्रपणे मोजले जाते. तीन घटकांच्या ३ जोड्या होतात, पाचांच्या १०. लार्स ऑन्सागर यांच्या १९३१ मधील व्यत्यासी संबंधांनी या मांडणीला ऊष्मागतिकीचा आधार मिळाला.

डंकन-टूर प्रयोग : एच. एल. टूर यांनी १९५७ मध्ये तीन घटकांच्या गणितातून परासरणी विसरण (प्रवणता नसतानाही प्रवाह), उलट विसरण (कमी संहतीकडून जास्त संहतीकडे प्रवाह) व विसरण-रोध (प्रवणता असूनही प्रवाह शून्य) यांचे भाकीत केले. १९६२ मध्ये डंकन व टूर यांनी बारीक नळीने जोडलेल्या दोन फुग्यांत त्याचा पडताळा घेतला. एका फुग्यात नायट्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड, दुसऱ्यात नायट्रोजन व हायड्रोजन, प्रत्येकी सुमारे निम्मे. तापमान ३५·२° से. नायट्रोजन दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असूनही तो वाहू लागला. नायट्रोजन-हायड्रोजन जोडीचा विसरणांक ८३·३ चौ. मिमी. प्रतिसेकंद, तर नायट्रोजन-कार्बन डाय-ऑक्साइड जोडीचा १६·८; म्हणजे दुसऱ्या जोडीत घर्षण कितीतरी जास्त. त्यामुळे जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडने नायट्रोजनला हायड्रोजनच्या फुग्याकडे ओढून नेले. काही तासांनी नायट्रोजनचा प्रवाह क्षणभर शून्य होऊन उलटला आणि शेवटी समतोल आला.

संगणन : जागेचे छोटे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यात वस्तुमान अक्षय्यता राखतात. मॅक्सवेल-श्टेफान समीकरणे परस्परावलंबी असल्याने त्यांतील एक वगळून उरलेल्यांचा आव्यूह सोडवतात. वगळलेल्या घटकाचा विसरण प्रवाह ‘सर्वांची बेरीज शून्य’ या अटीवरून मिळतो. साध्या पुढे जाणाऱ्या काल-पद्धतीत कप्पा निम्मा केला की कालपद चौथाईवर आणावे लागते, म्हणून पुढील क्षणाची सर्व मूल्ये एकत्र सोडवणाऱ्या गर्भित पद्धती पसंत करतात. १९६४ मध्ये टूर यांनी, तसेच स्ट्यूअर्ट व प्रोबर यांनी स्वतंत्रपणे, गुणांकांचा आव्यूह स्थिर मानून रेषीय उत्तर दिले. ज्वलनाच्या गणनांत वेळ वाचवण्यासाठी घटकागणिक एकच सरासरी विसरणांक घेतात व बेरीज जुळवण्यासाठी दुरुस्तीचा वेग मिळवतात. ही तडजोड कोठवर चालते याविषयी मतभेद आहेत. हायड्रोजनच्या ज्वालांत तिचा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

द्रव मिश्रणे : विसरणांक संघटनानुसार बदलतात, अंतर्वेशनासाठी व्हिन्येस सूत्र (१९६६) प्रचलित आहे.

पडताळा : दुरुस्तीच्या वेगाशिवाय केलेली सरासरी विसरणांकाची गणना डंकन-टूर प्रयोगातील नायट्रोजन जवळजवळ स्थिर दाखवते, म्हणून ती येथे चुकते. नवी आज्ञावली प्रथम याच प्रयोगावर तपासावी.